इंजिनाच्या डोक्यात हवा

दोन लिटरचं चार-स्ट्रोक इंजिन सहा हजार आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) फिरतं तेव्हा त्याला सेकंदाला जवळजवळ १०० लिटर हवा लागते. ही हवा सिलिंडरमध्ये ढकलायचं काम बाहेरचं वातावरण करतं, समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर किलोभर वजन टाकून. पिस्टन खाली सरकून नुसती जागा करून देतो. ज्या इंजिनाची सगळी भिस्त या एकाच दाबावर असते ते नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, थोडक्यात एनए. माझी गाडी एनए आहे, आणि बरेच दिवस तिच्यात हवा कोंबायचं माझ्या डोक्यात घोळतंय.

घोळतंय कसलं, ठरलंच आहे. प्रश्न उरलाय तो कोंबायची कुणी. इंजिनाच्या पुलीवरून पट्ट्याने फिरणाऱ्या सुपरचार्जरने, की सायलेन्सरकडे निघालेल्या धुरावर फिरणाऱ्या टर्बोने? चार गाडीवेड्या माणसांत हा विषय काढून बघा. कुणीतरी लगेच हॉर्सपॉवरचा आकडा फेकतो आणि तिथून पुढे बोलणं फक्त आकड्यांचं होतं. अमक्याने एवढे काढले, तमक्याचं एवढ्यावर फुटलं. माझ्या मते या निवडीत सगळ्यांत कमी उपयोगाचा तपशील कुठला असेल तर तो हाच. पाहिजे तो आकडा दोन्ही वाटांनी निघतो. तो निघताना टॅकोमीटरचा काटा कुठे असतो, पाय दाबल्यापासून ताकद यायला किती वेळ जातो आणि ती इंजिनाच्या कुठल्या भागाच्या जिवावर येते, हे बघायला हवं.

हवा ढकलणारं यंत्र मोटारगाडीपेक्षा जुनं आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६० साली आपल्या ब्लोअरचं पेटंट घेतलं. भट्ट्यांना वारा घालणं, खाणीत हवा खेळवणं, अशी कामं त्या यंत्राने केली. रचना सोपी: एका कवचात दोन पाकळीदार रोटर एकमेकांच्या उलट फिरतात, हवेचा घास पकडतात आणि पलीकडे नेऊन सोडतात. हेच यंत्र पुढे मोटारीच्या इंजिनावर चढलं. १९२१ साली मर्सिडीजने बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलेल्या सुपरचार्जरवाल्या गाड्यांपैकी एकीचं नाव होतं ६/२५/४०. पहिला आकडा कर आकारणीचा, दुसरा ब्लोअर बंद असतानाच्या ताकदीचा, तिसरा ब्लोअर चालू असतानाचा. पेडल तळापर्यंत दाबलं की क्लच लागायचा आणि ब्लोअर किंचाळत फिरू लागायचा. गाडीच्या नावातच दोन स्वभाव लिहून देण्याचा हा प्रामाणिकपणा पुढे फारसा कुणी दाखवला नाही.

टर्बोची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची. पेटंट १९०५ चं. इंधन जाळून निघालेल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग क्रँकशाफ्टपर्यंत पोचतो, साधारण तेवढाच कूलंट घेऊन जातो आणि तेवढाच एक्झॉस्टमधून उडून जातो. हा शेवटचा वाटा पकडायचा, त्यावर एक टर्बाइन फिरवायची, आणि तिच्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेल्या कंप्रेसरने ताजी हवा आत दाबायची. कागदावर निर्दोष. प्रत्यक्षात यायला वीस वर्षं गेली, आणि आली ती जहाजावर. ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्त्सिग’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरी डिझेल इंजिनांची ताकद १७५० वरून २५०० हॉर्सपॉवरवर गेली.

टर्बो आधी जहाजावर यशस्वी झाला हे मला महत्त्वाचं वाटतं. जहाजाचं इंजिन एकदा वेगावर आलं की तासन्‌तास एकाच आरपीएमवर चालतं. धूर एकसारखा, टर्बाइन एकसारखी, दाब एकसारखा. विमानाचंही तसंच. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी टर्बो लावलेलं लिबर्टी विमान-इंजिन ट्रकवर चढवून चौदा हजार फुटांवरच्या पाइक्स पीकच्या माथ्यावर नेलं आणि विरळ हवेतही ते समुद्रसपाटीइतकीच ताकद देतं हे सिद्ध केलं. मोटारीचा पाय मात्र एका जागी ठरत नाही. वळणाआधी सोडला, वळणात अर्धा दिला, बाहेर पडताना पूर्ण दिला, समोर कुणी आलं की पुन्हा सोडला. टर्बोचं सगळं भांडण या चंचल पायाशी आहे.

माझा एक मित्र कट्टर टर्बोवाला. त्याचं म्हणणं, “अरे, धूर फुकट चाललाय, तो वापर ना. पट्टा लावलास तर इंजिनाच्याच ताटातलं काढून इंजिनालाच वाढणार तू.”

त्याचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. माझ्या दोन लिटरच्या इंजिनाला सहा हजार आरपीएमवर अर्धा बार, म्हणजे सातेक पीएसआय बूस्ट (वातावरणाच्या वर चढवलेला दाब) द्यायचा असेल, तर जुन्या धाटणीच्या रूट्स ब्लोअरला ती हवा दाबायला दहा किलोवॅटच्या आसपास लागतात. चौदाएक हॉर्सपॉवर. पट्टा आणि बेअरिंगांचं नुकसान वर वेगळं. एवढ्या बूस्टने दीडशे हॉर्सपॉवरचं इंजिन दोनशेच्या जवळ जातं, म्हणजे पन्नास मिळवायला चौदा मोजले. हा व्यवहार मला तरी तोट्याचा वाटत नाही, पण फुकट नक्कीच नाही. शिवाय हवा बाजूने फिरवून बूस्ट थांबवणारा बायपास व्हॉल्व्ह उघडा असला तरी सुपरचार्जर बरोबर फिरतच असतो. निवांत चालवतानाही पेट्रोलवर त्याचा थोडा भार पडतो.

धूर फुकट असतो हे दुसरं निम्मं मात्र खरं नाही. टर्बाइन धुराच्या वाटेत उभी असते. तिला फिरवायला धुराला जोर लावावा लागतो, म्हणजे सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या वायूपुढे दाब साठतो. छोट्या, चटकन फिरणाऱ्या टर्बोत तर टर्बाइनआधीचा दाब बूस्टपेक्षा बराच जास्त भरू शकतो. पिस्टनला तो दाब ढकलून धूर बाहेर काढावा लागतो, आणि जो निघत नाही तो तापलेला वायू सिलिंडरमध्येच राहून पुढच्या ताज्या मिश्रणाला तापवतो. एनए इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट बहुधा असे घडवलेले असतात की इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह काही काळ एकदम उघडे राहतात. निघून जाणाऱ्या धुराच्या ओढीने ताजी हवा आत यावी, हा हेतू. बाहेरच दाब साठला तर ओढ उलटी होते. तरी एकूण हिशेबात टर्बो पुढेच राहतो. म्हणून तर कारखान्यातून निघणाऱ्या बूस्टवाल्या गाड्यांत आज बहुतेक टर्बोच दिसतो. पण कारखाना पिस्टनपासून सॉफ्टवेअरपर्यंत सगळं इंजिन टर्बोसाठी घडवतो. आपण घडून गेलेल्या इंजिनाला टर्बो लावणार. यात फार मोठं अंतर आहे.

आता पायाकडे येतो, कारण माझ्या लेखी खरा विषय तोच.

एनए गाडीत मला काय आवडतं? पाय जेवढा, गाडी तेवढी. पेडल दोन मिलिमीटर दाबलं तर दोन मिलिमीटरइतकंच उत्तर येतं, आणि आत्ता येतं. काटा वर जाईल तसा आवाज चढतो, ताकद चढते. कुठे काय होणार हे पायाला आधीच ठाऊक असतं. वळणाच्या मध्यावर मागची चाकं पकड सोडायच्या बेतात असताना हे ठाऊक असणं फार मोलाचं. या सुखात बिघाड न करता ताकद वाढवायची, हे माझं मागणं.

टर्बोबद्दल बोलताना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे बूस्ट सुरू व्हायला किमान किती आरपीएम लागतात ते. त्याखाली टर्बाइन फिरवण्याइतका धूरच नसतो, कितीही वेळ पाय दाबून ठेवा. दुसरी म्हणजे लॅग: धूर पुरेसा आहे, पण टर्बाइनला मिनिटाला लाखभर किंवा त्याहून जास्त फेऱ्यांपर्यंत पोचायला जाणारा वेळ. गिझरच्या नळासारखं होतं: फिरवला, काही येत नाही, आणखी फिरवला, आणि मग एकदम चटका. १९७५ च्या पोर्शे ९११ टर्बोचा दरारा यातूनच आला. तीन लिटर, २६० हॉर्सपॉवर, आणि बूस्ट झेपावा म्हणून काँप्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट आवळतो ते) फक्त ६.५. बूस्ट नसताना ते इंजिन मलूल असायचं आणि बूस्ट आला की गाडीचा मागचा भाग चालकाला विचारल्याशिवाय निर्णय घ्यायचा. दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, स्वीडनच्या साबने ९९ टर्बो दाखवली. त्यांनी मुद्दाम छोटा टर्बो घेतला, रोजच्या वेगात उपयोगी पडेल असा, आणि जास्तीचा धूर वेस्टगेटमधून बाजूने काढून दिला. वरच्या आकड्याचा मोह सोडला. आजच्या बहुतेक रस्त्यावरच्या टर्बो गाड्या पोर्शेपेक्षा साबच्या वाटेने गेल्या आहेत.

सुपरचार्जर पट्ट्याने बांधलेला असल्यामुळे लॅगचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. पण ‘सुपरचार्जर म्हणजे खालून ताकद, टर्बो म्हणजे वरून ताकद’ हे जे सर्रास सांगितलं जातं ते ऐकून किट मागवू नये. मिनी कूपर एसचं उदाहरण घ्या. २००२ पासूनच्या पिढीत १.६ लिटर इंजिनावर ईटन कंपनीचा रूट्स जातीचा सुपरचार्जर होता. सुरुवातीची ताकद १६३ हॉर्सपॉवर, टॉर्क (क्रँकशाफ्ट फिरवणारा जोर) २१० न्यूटन-मीटर, तोही ४००० आरपीएमला. पुढच्या पिढीत इंजिन १.६ लिटरचंच, पण वेगळं आणि टर्बोवालं. टॉर्क २४०, आणि तो १६०० आरपीएमलाच हजर. म्हणजे प्रचलित शहाणपणाच्या अगदी उलट. तरीही जुन्या मिनीच्या प्रेमात पडलेले लोक आजही तिच्या सुपरचार्जरचा विषय निघाला की हळवे होतात. आलेखात नवी सरस. पायाला जुनी जास्त खरी वाटते, कारण तिथे वाढ सावकाश आणि सांगून येते.

सुपरचार्जरच्याही जाती आहेत, आणि किट विकणारे हा फरक मोठ्या अक्षरात छापत नाहीत. रूट्स आणि ट्विन-स्क्रू (एकमेकांत गुंतलेल्या दोन स्क्रूंचा) दर फेरीला ठरलेली हवा ढकलतात, त्यामुळे बूस्ट खालच्या आरपीएमपासून जवळपास पूर्ण असतो. सेंट्रिफ्युगल म्हणजे टर्बोचा कंप्रेसर, फक्त धुराऐवजी पट्ट्यावर. त्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. सात हजारला अर्धा बार देणारा असेल तर साडेतीन हजारला त्याच्याकडून पाव हिस्सा मिळतो, साधारण ०.१२ बार. ज्याला खालून रेटा हवाय त्याने सेंट्रिफ्युगल घेतला तर त्याला सुपरचार्जरचा भार आणि टर्बोची वाट बघणं, दोन्ही मिळतं. उलट ज्याला आपल्या एनए गाडीचाच आलेख हवा, नुसता वरच्या टोकाला आणखी ताणलेला, त्याच्यासाठी सेंट्रिफ्युगलइतकं गोड काही नाही. नऊ हजारांपर्यंत फिरणाऱ्या होंडा एस२००० च्या मालकांना तो भावतो यात नवल नाही. त्या गाडीत चार हजाराखाली कुणी राहतच नाही.

यानंतर उष्णता. इथे स्वप्नं वितळतात.

हवा दाबली की तापते, कुणीही दाबली तरी. बाहेर २५ अंश असताना अर्धा बार बूस्ट द्यायचा तर अगदी आदर्श कंप्रेसरमधूनही हवा साठ-बासष्ट अंशांनी बाहेर पडते. चांगल्या सेंट्रिफ्युगल कंप्रेसरमधून पंचाहत्तरच्या आसपास. जुन्या रूट्समधून नव्वद-पंचाण्णव, कारण तो हवा आत दाबत नाही, नुसती पलीकडे लोटतो आणि पलीकडची हवा उलटी घुसून ती तापवते. आजचे पीळ दिलेले चार पाकळ्यांचे रोटर यात बरेच सुधारले आहेत. टर्बोची हवा कंप्रेसरमधून निघताना तुलनेने थंड असली तरी त्याचं दुसरं टोक नऊशे-हजार अंशांच्या धुरात बसलेलं असतं आणि सगळं बॉनेटखालचं घर तापवत असतं. वायरिंग, ब्रेकच्या नळ्या, प्लास्टिकच्या टाक्या, सगळ्यांना आडोसा करावा लागतो. टर्बोला इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) लावायला सहसा समोर जागा मिळते. ब्लोअर थेट इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांवर, बसत असेल तर हवेला थंड व्हायला वाटच उरत नाही. मग पाण्याचा इंटरकूलर आत कोंबा, त्याचा वेगळा पंप, वेगळा रेडिएटर.

गरम हवा नकोशी का? नॉकिंगमुळे. स्पार्क पडल्यावर ज्योत पसरत जायला हवी. पण कोपऱ्यातलं मिश्रण आधीच इतकं तापलेलं आणि दाबलेलं असतं की ते स्वतःहून पेटतं, आणि पिस्टनवर हातोडा पडावा तसा आवाज येतो. एनए इंजिनांचं इथेच अडतं. बाहेरून मदत नसल्यामुळे त्यांनी काँप्रेशन वाढवून ताकद काढलेली असते. २०१२ च्या टोयोटा जीटी८६ चं काँप्रेशन १२.५. त्या पोर्शेच्या जवळजवळ दुप्पट. अशा इंजिनात बूस्ट भरायचा तर इग्निशन मागे घ्यावं लागतं (स्पार्क उशिरा पाडावा लागतो), पेट्रोल वाढवून मिश्रण घट्ट करावं लागतं (एरवी १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल, बूस्टमध्ये साडेअकरा-बारा), आणि जास्त ऑक्टेनचं पेट्रोल कायमचं पत्करावं लागतं. घाईघाईत आणखी एक साधी गोष्ट सुटते: एनए गाडीचा मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सर बहुधा वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजू शकतो. बूस्ट सुरू झाला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, आंधळा. तो बदलल्याशिवाय नुसते मोठे इंजेक्टर लावून काही होत नाही.

जास्त काँप्रेशन आणि बूस्ट एकत्र नांदवायचा पहिला मोठा प्रयत्न १९६२ चा, ओल्ड्समोबिल जेटफायर. साडेतीन लिटरचं अ‍ॅल्युमिनियमचं व्ही८, काँप्रेशन १०.२५, वर टर्बो, आणि ताकद २१५ हॉर्सपॉवर. नॉकिंग आवरायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इनटेकमध्ये फवारलं जायचं. ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असं त्याचं झोकदार नाव होतं. टाकी रिकामी झाली की यंत्रणा बूस्ट कमी करून टाकायची. लोकांनी गाडी हौसेने घेतली आणि टाकी भरायची विसरले. कित्येकांनी टर्बो आहे हे पैसे देताना अनुभवलं, नंतर नाही. शेवटी कंपनीनेच टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून द्यायला सुरुवात केली. मला या गोष्टीतलं इंजिनिअरिंग चुकलेलं वाटत नाही. पाण्याची फवारणी आजही वापरात आहे, आणि उत्तम चालते. पण जी गाडी रोज काहीतरी आठवणीने करायला लावते ती रोजची गाडी राहत नाही. माझ्यासारख्या विसरभोळ्या माणसाने किट निवडताना हा मुद्दा टॉर्कच्या वर लिहावा.

जेटफायरच्याही आधी एका माणसाने या सगळ्यालाच नकार दिला होता. डब्ल्यू. ओ. बेंटली या इंग्लिश गाडी-निर्मात्याच्या साडेचार लिटरच्या गाडीला सुपरचार्जर लावायचा हट्ट टिम बर्किन या रेसरने धरला. बेंटलींचं स्पष्ट मत होतं की सुपरचार्जर लावणं म्हणजे आपल्या इंजिनाची रचनाच भ्रष्ट करणं. ताकद हवी तर इंजिन मोठं करा, हा त्यांचा मार्ग, आणि तसं साडेसहा लिटरचं स्पीड सिक्स त्यांनी केलंही होतं. पण बर्किनने पैसा उभा केला, अ‍ॅम्हर्स्ट व्हिलियर्स यांनी रचलेला रूट्स जातीचा भलाथोरला ब्लोअर रेडिएटरच्या पुढे, थेट क्रँकशाफ्टच्या टोकाला बसला, आणि ‘ब्लोअर बेंटली’ जन्माला आली. १९३० च्या ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत बर्किनने जर्मन रेसर काराचिओलाच्या सुपरचार्जरवाल्या मर्सिडीजचा असा पिच्छा पुरवला की बघणाऱ्यांना बाकीची शर्यत विसरायला झालं. शेवटी मर्सिडीजही बाद आणि ब्लोअरही बाद. शर्यत जिंकली ती स्पीड सिक्सने. ब्लोअर ल मॉं कधीच जिंकली नाही. आणि आज बेंटली म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गाडी येते ती मात्र ब्लोअरच!

नव्वद वर्षांनी तोच वाद जीटी८६ वर झाला. चार हजारांच्या आसपास तिच्या टॉर्कमध्ये एक खड्डा होता, नेमका ओव्हरटेक करताना लागणारा. मालक टर्बो, टर्बो म्हणून कंठशोष करत राहिले, बाजारात दोन्ही प्रकारचे किट आले. कंपनीने पुढच्या पिढीत काय केलं? इंजिन २.४ लिटरचं केलं. काँप्रेशन तेच १२.५. टॉर्क २०५ वरून २५०, आणि ६४०० ऐवजी ३७०० आरपीएमला. बेंटली हयात असते तर मिशीतल्या मिशीत हसले असते. आपल्याला मात्र गॅरेजमध्ये इंजिन मोठं करणं किटपेक्षा सोपं नसतं, म्हणून आपण फिरून पट्टा की धूर इथेच येतो.

काय तुटतं, याचाही विचार टॉर्कच्या अंगाने करावा. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर बूस्टचा जो मार बसतो तो सिलिंडरमधल्या दाबाचा, आणि दाब म्हणजे टॉर्क. छोटा टर्बो अडीच हजारालाच भरपूर टॉर्क देतो तेव्हा चालकाला मजा येते आणि एनए गाडीचे सडपातळ रॉड वाकायला टेकतात. तेवढीच हॉर्सपॉवर साडेसहा हजाराला काढली तर टॉर्क कमी लागतो, दाबही कमी. क्लच आणि गिअरबॉक्सचंही तेच गणित. म्हणून ‘इंजिन दोनशे हॉर्सपॉवर सोसतं’ हे वाक्य अर्धवट आहे, किती आरपीएमला ते विचारल्याशिवाय त्यावर जाऊ नये.

बसवण्यातला फरक मला सुपरचार्जरकडे ओढतो हे लपवत नाही. टर्बो म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नवा, डाउनपाइप नवा, ऑइलची येणारी नळी, परत जाणारी नळी (ती गुरुत्वाकर्षणावर सरळ खाली जायला हवी, म्हणजे बहुधा सम्पला, इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याला, भोक), बहुतेकदा कूलंटच्या नळ्या, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी टर्बाइन बसल्यामुळे तो तापायला लागणारा जास्तीचा वेळ. ब्लोअरला ब्रॅकेट, टेन्शनर, पट्टा आणि इनटेककडचा बदल. उद्या गाडी मूळपदावर आणायची झाली तर पट्टेवालं काम उलटं करता येतं. राहता त्या ठिकाणचे धुराचे आणि फेरफाराचे नियम, विम्याच्या अटी दोन्हींना सारख्याच लागू. त्या आधी वाचाव्यात, किट आल्यावर नव्हे.

टर्बोच्या बाजूने मोठा मुद्दा म्हणजे त्याचा बूस्ट बटणावर वाढवता येतो. सुपरचार्जरला पुली बदलावी लागते. मित्र हे टर्बोचं बलस्थान म्हणून सांगतो. मला ते संकट वाटतं. बटण असेल तर मी ते फिरवणार. पुली बदलायला अवजारं काढावी लागतात, नवा पट्टा मापाचा शोधावा लागतो, ट्यूनिंग परत करावं लागतं. आळस माझ्या इंजिनाचं आयुष्य वाढवील.

आवाजाबद्दल दोनच शब्द. ब्लोअर रडतो आणि टर्बो शिट्टी मारतो. ज्याला जो आवडतो त्याला त्याची तांत्रिक कारणंही आपोआप सापडतात.

दोन्ही एकदम लावायचे, हाही मार्ग आहे. लान्चिया डेल्टा एस४ या १९८५ च्या रॅली गाडीत खालच्या आरपीएमसाठी सुपरचार्जर आणि वरच्यासाठी टर्बो होता, आणि फोक्सवागनने २००५ मध्ये १.४ लिटरच्या इंजिनात तेच रोजच्या वापरासाठी आणलं. आता विजेच्या मोटरने टर्बाइनला ढकलणारे टर्बो आले आहेत, त्यांनी लॅग जवळजवळ संपवला. पण हे सगळं कारखान्याचं काम. घरच्या घरी हे करणाऱ्याला माझा दुरून नमस्कार.

तर मी ट्विन-स्क्रू घेणार, अर्ध्या बारपेक्षा कमी बूस्टचा, पाण्याच्या इंटरकूलरसह. माझ्या गाडीचं काँप्रेशन अकराच्या वर आहे आणि पिस्टन बदलायचे नाहीत, म्हणून बूस्ट कमी. माझा बराचसा वेळ अडीच ते पाच हजारांत जातो, म्हणून सेंट्रिफ्युगल नाही. वळणाच्या मध्यावर मला अंदाज चुकायला नको, म्हणून टर्बो नाही. मित्र उंच घाटमाथ्यांवर लांबचा प्रवास करतो, तासन्‌तास एका वेगात. दर हजार मीटरला हवेचा दाब दहाएक टक्क्यांनी घटतो. पट्ट्याचा ब्लोअर ठरलेल्याच पटीत दाबतो, तर टर्बो आणखी जोराने फिरून बरीचशी तूट भरून काढतो. त्याच्या गाडीला टर्बोच योग्य, आणि हे मी त्याला सांगितल्यापासून तो माझ्याशी वाद घालायचा थांबलाय, जे मला जरा अस्वस्थ करतंय.

किट मागवायच्या आधी इंजिनाची काँप्रेशन टेस्ट आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडर किती दाब धरतो आणि किती गळतो ते) करून घ्यायची आहे. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास निघाले तर पुढे जायचं. एखादा मागे पडला तर ब्लोअरचे पैसे आधी रिंगा आणि व्हॉल्व्ह यांच्यावर जातील, आणि गाडी आणखी काही काळ वातावरणाच्याच भरवशावर पळेल.